पीएलएचं झाकण चहावर वाकतं, पावसाळ्यात चमचा मोडतो: दोष शोधायचा कुठे?

एप्रिल-मेमध्ये तक्रार येते की पारदर्शक कप गोदामातच एकमेकांत रुतून बसले. जुलै-ऑगस्टमध्ये चमचे हातात मोडायला लागतात. गरम चहाच्या कपावरची झाकणं वाकल्याची तक्रार तर बारमाही. पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड हे कंपोस्टेबल प्लास्टिक, चालवणाऱ्या बहुतेक छोट्या मोल्डिंग आणि थर्मोफॉर्मिंग (गरम शीट ताणून आकार देणाऱ्या) युनिटांना हे चक्र पाठ झालेलं असतं आणि त्यावरचं उत्तरही: दाणा, म्हणजे कच्चा माल, खराब आला. मग पुरवठादार बदलतो, नवी ग्रेड येते, चार महिने बरे जातात आणि हंगाम फिरला की तीच तक्रार पुन्हा दारात.

दाणा क्वचितच खराब असतो. कोरडी उष्णता पीएलएचं जे करते आणि ओली उष्णता जे करते, त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रार परत परत येते ती या दोन्हींना एकाच औषधाने बरं करायला गेल्यामुळे. कोरड्या उष्णतेत पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्या शाबूत राहतात, फक्त त्यांची मांडणी बदलते. उष्णतेबरोबर पाणी आलं की साखळ्याच तुटतात. मांडणी पुन्हा बसवता येते. तुटलेली साखळी शॉप फ्लोअरवर जोडता येत नाही. म्हणून तापमानाच्या एकाही बटणाला हात लावण्याआधी, समोरचा तुकडा या दोघांपैकी कशाने गेला आहे ते ठरवायचं.

झाकण वाकतं

डेटाशीटवर पीएलएचा वितळणबिंदू ग्रेडनुसार १५० ते १८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान लिहिलेला असतो. खरेदी करणारा तो आकडा बघतो. चहा फार तर ८०-८५ अंशांचा, मग काळजी कसली, असा हिशेब मांडतो. घोळ इथेच होतो. थंड साच्यातून निघालेल्या पीएलएच्या तुकड्यात वितळायला स्फटिक जवळजवळ नसतातच. साखळ्या जशा वेड्यावाकड्या पडल्या तशाच गोठलेल्या असतात, आणि असा तुकडा ताठ राहतो तो काचसंक्रमण तापमानापर्यंतच, म्हणजे ५५ ते ६० अंशांपर्यंत. त्याच्या वर तो रबरासारखा मऊ पडतो. झाकणाच्या बाबतीत वितळणबिंदू बघण्यात काही अर्थच नाही.

पॉलिस्टायरीनचं झाकणही स्फटिकहीनच असतं, पण त्याचं काचसंक्रमण १०० अंशांच्या आसपास, त्यामुळे चहाने त्याला काही होत नसे. पॉलिप्रॉपिलीन साच्यात थंड होता होताच भराभर स्फटिक बनवतं आणि ते स्फटिक त्याला १५० अंशांपलीकडे सांभाळतात. पीएलए या कामात संथ आहे. १ जुलै २०२२ पासून एकल वापराच्या प्लास्टिकचे कप, चमचे, काटे, स्ट्रॉ देशभर बंद झाले, तेव्हा अनेकांनी मशीन तेच, साचा तोच ठेवून फक्त दाणा बदलला. साच्याचं थंड पाणीही तसंच चालू राहिलं. १५-२० अंशांच्या साच्यात पीएलएला स्फटिक बनवायला वेळच मिळत नाही.

वाकलेलं झाकण हातात घेऊन नीट बघा. थर्मोफॉर्म केलेलं असेल तर ते कसंही वेडंवाकडं झालेलं नसतं. घुमट खाली बसलेला असतो आणि कपाला घट्ट धरणारी कडेची खाच उघडलेली असते. म्हणजे सपाट शीट ताणून जो आकार दिला होता, तो सोडून झाकण परत सपाट व्हायला निघालेलं असतं. हे चिन्ह दिसलं की साखळ्या तुटल्याचा संशय सोडा, इथे प्रश्न मांडणीचा आहे. खात्री करायची तर थर्मामीटर लावून ५०, ६० आणि ७० अंशांच्या पाण्यात तीन नवीन झाकणं मिनिटभर बुडवा. पहिलं जसंच्या तसं आणि शेवटचं ढिलं, असं झालं तर निदान पक्कं.

उपाय एकच: स्फटिक बनू द्या. त्यासाठी दाण्यापासून सुरुवात करावी लागते. लॅक्टिक आम्ल डावं आणि उजवं अशा दोन रूपांत असतं. पीएलए मुख्यतः एल रूपाचं. त्यात डी रूप जितकं जास्त मिसळलेलं, तितकी साखळी नीट रचायला अवघड. डी सुमारे १०-१२ टक्क्यांवर गेलं की तो दाणा कितीही भाजा, स्फटिक होत नाही. ४ टक्क्यांचा होतो पण फार रेंगाळतो. गरम वस्तूंसाठी डी दीड-दोन टक्क्यांच्या आत हवं. पुरवठादाराला भाव विचारण्याआधी हा आकडा विचारा; तो सांगत नसेल तर त्या ग्रेडची झाकणं करू नका. योग्य दाण्यात टाल्कची भुकटी किंवा दुसरं न्यूक्लिएटिंग एजंट घातलं की स्फटिकांची सुरुवात खूप ठिकाणी एकदम होते आणि वेळ वाचतो.

मग साचा. पीएलए सगळ्यात वेगाने स्फटिक बनवतं ते साधारण १०० ते १२० अंशांच्या पट्ट्यात. म्हणून एक तर साचाच ९० ते ११० अंशांवर ठेवायचा, किंवा थंड साच्यातून काढलेला माल नंतर गरम हवेच्या ओव्हनमध्ये ॲनिल करायचा, म्हणजे स्फटिक बनेपर्यंत तापवून ठेवायचा. गरम साच्यात सायकल लांबते आणि मालक नाराज होतो, हे खरं. पण मधला रस्ता म्हणून ६०-७५ अंशांवर साचा ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे: तिथे तुकडा मऊच राहतो, पिनला चिकटतो, बाहेर काढताना वाकतो, आणि स्फटिकही बनत नाहीत.

ओव्हनचा रस्ता धरला तर माल फिक्स्चरमध्ये, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या चौकटीत, बसवूनच आत घाला. काचसंक्रमण ओलांडलं की आधी तुकडा मऊ होतो, मग स्फटिक बनून कडक होतो. या दोन्हींच्या मधल्या वेळात त्याला आधार नसेल तर तो वाकलेल्या आकारातच कडक होतो. शिवाय स्फटिक झाले की माल आकसतो. मूळ साचा त्या आकसण्याच्या हिशेबाने काढलेला नसेल तर झाकण ॲनिल होईल उत्तम, पण कपावर बसणार नाही. हा शेवटचा मुद्दा साचा ऑर्डर करतानाच सोडवावा लागतो.

काम झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. डीएससी, म्हणजे तापवताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारी चाचणी, कुठल्याही बऱ्या पॉलिमर प्रयोगशाळेत होते. अहवालात दोन आकडे बघायचे: वितळताना शोषलेली उष्णता आणि त्याआधी १०० अंशांच्या आसपास स्फटिक बनताना बाहेर पडलेली उष्णता. पहिल्यातून दुसरी वजा करा आणि ९३ने भागा, कारण पूर्ण स्फटिक पीएलएसाठी ग्रॅममागे ९३ जूल धरतात. समजा वितळताना ३८ आणि त्याआधी ३२ आले, तर उरले ६, म्हणजे स्फटिकता जेमतेम साडेसहा टक्के. हे झाकण चहावर वाकणारच. ४२ आणि २ आले तर ४३ टक्के, हे टिकेल. २० टक्के टाल्क असेल तर उत्तराला ०.८ने आणखी भागायला विसरू नका, नाहीतर चांगला मालही नापास ठरेल.

इथे एक प्रश्न हमखास येतो: पीएलएचं अस्तर असलेला कागदी कप चहा सांभाळतो, मग झाकण का नाही? तिथे आकार कागदाने धरलेला असतो. अस्तर मऊ पडलं तरी त्याचं काम फक्त पाणी अडवण्याचं आहे, ते चालूच राहतं.

कप दुधाळ होतो

ज्यूसच्या पारदर्शक कपात कुणी गरम पाणी ओततं, कप चुरगळतो आणि पांढरट होतो. ग्राहकाला वाटतं काहीतरी रसायन सुटलं. तसं नसतं; बहुतेक वेळा गरम झाल्यावर बनलेल्या स्फटिकांनी प्रकाश विखुरलेला असतो, आणि पाणी शिरल्यानेही थोडी धूसरता येते. हा कप दाण्याच्या दोषाने गेलेला नाही, चुकीच्या वापराने गेला. साध्या थर्मोफॉर्मिंगमध्ये पारदर्शकपणा आणि गरम सहन करण्याची ताकद एकत्र मिळत नाही, म्हणूनच गरम पेयांची पीएलएची झाकणं आणि चमचे अपारदर्शक असतात. (दोन्ही दिशांना ताणलेली फिल्म याला अपवाद आहे. ताणाखाली बनणारे स्फटिक इतके बारीक असतात की फिल्म स्वच्छ दिसते.) कपावर "फक्त थंड पेयांसाठी" हे ठळक मराठीत छापणं एवढाच इथे उपाय आहे, आणि तो बरेच जण करत नाहीत.

उन्हाळ्यातलं गोदाम

विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या असलेल्या बंद ट्रकमध्ये ५५ पार व्हायला वेळ लागत नाही. कप एकात एक घालून उंच रचलेले असतील तर खालच्यांवर वजन पडतं, ते मऊ पडतात आणि रुततात. स्फटिकहीन माल ४० अंशांच्या आत ठेवायचा, हा नियम वाहतूकदारालाही लेखी द्या. रात्रीची वाहतूक करा, गोदामात छताला लागून खोकी रचू नका.

पण ५५ न ओलांडताही एक नुकसान होतं आणि त्याकडे लक्ष जात नाही. काचसंक्रमणाच्या थोडं खाली, म्हणजे ४० ते ५० अंशांत, स्फटिकहीन पीएलए हळूहळू आतल्या आत घट्ट बसतं. साखळी तुटत नाही, स्फटिक बनत नाही, पाण्याचा संबंध नाही. फक्त साखळ्यांमधली मोकळी जागा कमी होते. त्यामुळे काल वाकणारी पट्टी काही दिवसांनी वाकवली की तडकते. साध्या खोलीतही हे होतं, उन्हाळ्यात ते झपाट्याने होतं. याला भौतिक वार्धक्य म्हणतात.

आता ठिसूळ चमचा आला तर तो या वार्धक्याने ठिसूळ झाला की पाण्याने, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. त्या मालातून पातळ पट्टी कापा. ७० अंशांच्या कोरड्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवा, बाहेर काढून लगेच थंड धातूवर दाबून गार करा आणि सावकाश वाकवा. काचसंक्रमणाच्या वर नेल्याने ते वार्धक्य पुसलं जातं. पट्टी आता वाकली तर साखळ्या शाबूत आहेत, दोष साठवणीचा. पुन्हा तशीच कटकन तुटली तर साखळ्या आखूड झाल्यात, दाणा सुकवणाऱ्या ड्रायरकडे चला. ही चाचणी गरम पाण्यात करू नका. आणि ती न भरलेल्या, स्फटिकहीन मालासाठीच आहे: टाल्क घातलेला, स्फटिक केलेला चमचा तसाही फारसा वाकत नाही, त्यासाठी पुढे दिलेली एमएफआय, म्हणजे वितळलेला माल किती पातळ वाहतो ते मोजणारी, चाचणी लागते.

पावसाळ्यातला ठिसूळपणा

सगळ्यात जास्त माल इथे वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर.

पीएलए पॉलिएस्टर आहे. त्याच्या साखळीतला प्रत्येक दुवा एस्टरचा आणि पाण्याचा एक रेणू एक दुवा तोडू शकतो. खोलीच्या तापमानाला हे काम इतकं संथ चालतं की महिने जातात. मशीनच्या बॅरलमध्ये, म्हणजे दाणा वितळवणाऱ्या नळीत, २०० अंशांवर ते मिनिटांत उरकतं. किती नुकसान होऊ शकतं याचा हिशेब कागदावर करून बघा. एका किलो दाण्यात ०.१ टक्का ओलावा म्हणजे १ ग्रॅम पाणी. साखळीचा सरासरी रेणुभार १ लाख धरला, पाण्याचा १८. म्हणजे दर साखळीमागे पाण्याचे साडेपाच रेणू हजर आहेत. ते सगळे कामाला लागले तर प्रत्येक साखळीचे सहा-साडेसहा तुकडे होतील आणि रेणुभार १ लाखावरून १५ हजारांवर येईल. प्रत्यक्षात थोडं पाणी वाफ होऊन निघून जातं, सगळं लागत नाही. तरी ०.१ टक्का हा आकडा नायलॉन किंवा एबीएस चालवणाऱ्याला किरकोळ वाटतो, तो पीएलएला संपवायला पुरतो. म्हणूनच दाणा २५० पीपीएमच्या, म्हणजे ०.०२५ टक्क्याच्या आत सुकवायला सांगतात. बॅरलचं तापमान जास्त ठेवणार असाल तर त्याहूनही खाली.

मग पावसाळ्यातच का? कारण बऱ्याच युनिटांत साधा हॉपर ड्रायर असतो: पंखा, हीटर, बाहेरची हवा. बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. ती हवा ८० अंशांपर्यंत तापवली तरी तिच्यातलं पाणी कुठे जात नाही. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७ टक्के उरते. दाणा त्या हवेशी जुळवून घेतो आणि तिथेच थांबतो, मग चार तास ठेवा की आठ. ओल्या फडक्याने ताट कोरडं करण्यासारखं हे आहे. हवेतला ओलावा आधी शोषून घेणाऱ्या डेसिकंट ड्रायरमधून उणे ४० अंश दवबिंदूची हवा येते. ८० अंशांवर तिची सापेक्ष आर्द्रता ०.०३ टक्का. फरक दोनशे पटींहून जास्त. डिसेंबरात तोच साधा ड्रायर कसाबसा भागवतो आणि म्हणून जुलैत दोष दाण्यावर जातो.

स्फटिक दाणा ८०-९० अंशांवर दोन ते चार तास सुकतो. पण पारदर्शक, स्फटिकहीन दाणा आणि विशेषतः थर्मोफॉर्मिंगच्या उरलेल्या जाळीचा रिग्राइंड (परत वापरायला दळलेला माल) ४५ अंशांच्या वर नेला की हॉपरमध्ये त्याचा गठ्ठा होतो, गळा धरतो, फीड बंद. ऑपरेटर मग वैतागून ड्रायरच बंद करतो. रिग्राइंड आधी ढवळत ढवळत स्फटिक करून घ्यावा लागतो, मगच तो जास्त तापमानाला सुकतो. ढवळणारा क्रिस्टलायझर नसेल तर रिग्राइंड ४५ अंशांच्या आत, डेसिकंट हवेवर, बराच जास्त वेळ सुकवा आणि त्याचं प्रमाण कमी ठेवा. एकदा बॅरलमधून गेलेल्या मालाच्या साखळ्या आधीच थोड्या आखूड असतात, हेही त्यात धरा.

दाणा अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअरहून येवो की थायलंडमधल्या रायोंगहून, फॉइलच्या बंद पिशवीत तो सुका येतो. (जेजुरीत प्राज इंडस्ट्रीजचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, पुढे देशी दाणा मिळू लागला तरी हा नियम तोच राहील.) पिशवी फाडून मशीनशेजारी उघडी ठेवली की तो हवेतलं पाणी प्यायला लागतो. सुकवलेला दाणाही उघड्या ड्रममध्ये तासभर राहिला की मेहनत वाया. शिफ्ट संपताना उरलेली पिशवी उष्णता देऊन सील करा, नुसती गाठ मारू नका.

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर एक ढोबळ तपासणी: हॉट प्लेटवर दोन काचपट्ट्यांमध्ये चार दाणे वितळवून दाबा. बुडबुडे दिसले तर दाणा नक्की ओला. दिसले नाहीत तर मात्र तो सुका आहे असं समजू नका. २५०-३०० पीपीएमवर बुडबुडे दिसतीलच असं नाही.

साखळ्या तुटल्या की नाही याची खरी साक्ष एमएफआय देतं. २१० अंश, २.१६ किलो वजन. पिशवीतल्या दाण्याचा आकडा आणि चमचा तोडून केलेल्या चुऱ्याचा आकडा शेजारी ठेवा. साखळी आखूड झाली की माल पातळ वाहतो आणि आकडा चढतो. थोडा चढणारच, तो बॅरलचा कर आहे. दुपटीवर गेला तर ड्रायर, बॅरलचं तापमान आणि माल बॅरलमध्ये पडून राहण्याचा वेळ, तिन्ही तपासा. एक महत्त्वाची खबरदारी: एमएफआयला देण्याआधी दोन्ही नमुने नीट सुकवून द्या. ओला नमुना त्या यंत्रातच तुटतो आणि निरोगी मालाचा अहवालही खराब येतो. प्रयोगशाळेला हे लेखी सांगा, न सांगता करतील असं धरू नका.

साच्यावर पांढरट भुकटी जमत असेल आणि गोडसर-आंबूस वास येत असेल तर ते लॅक्टाइड, म्हणजे पीएलए ज्यापासून बनतं तो छोटा रेणू. पीएलए फार तापलं, साधारण २३०-२४० अंशांच्या वर गेलं किंवा जेवणाच्या सुट्टीत गरम बॅरलमध्ये पडून राहिलं, की साखळीपासून ते सुटतं. ते मालात राहिलं तर पुढे पाण्याशी मिळून लॅक्टिक आम्ल होतं आणि आम्ल हे तोडकाम आणखी वेगाने चालवतं. म्हणून ओला किंवा जास्त तापवलेला माल मशीनमधून बाहेर पडताना ठीक दिसला तरी गोदामात दोन-तीन महिन्यांत मोडायला लागतो. ग्राहकाला वाटतं माल जुना होता. त्याचं मरण मोल्डिंगच्या दिवशीच ठरलेलं असतं. मोठ्या सुट्टीआधी बॅरल पॉलिप्रॉपिलीनने धुऊन काढायची सवय ऑपरेटरला लावा.

वाफेने निर्जंतुक करायचं म्हटलं तर

प्रयोगशाळेच्या डब्या, बाळाचे चमचे, दवाखान्यातले ट्रे यांसाठी "कंपोस्टेबल आणि ऑटोक्लेव्ह होणारं" अशी मागणी आता वारंवार येते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश, १५ पीएसआय दाब, १५-२० मिनिटं संपृक्त वाफ. स्फटिकहीन पीएलए यात टिकतच नाही: ते मऊ पडून कोसळतं आणि कोसळलेल्या आकारातच स्फटिक होऊन पांढरं, कडक बनतं. त्यात पाणी शिरलं की काचसंक्रमण आणखी खाली येतं, म्हणून वाफेत ते कोरड्या हवेपेक्षाही आधी ढिलं पडतं.

फसवणारा प्रकार वेगळाच आहे. आधीच नीट स्फटिक केलेला तुकडा ऑटोक्लेव्हमधून आकार न बदलता बाहेर येतो. सगळे खूश होतात. पण आत वाफेने साखळ्या कापलेल्या असतात, त्याही आधी स्फटिकांच्या मधल्या सैल भागातल्या, कारण पाणी तिथेच शिरतं. नेमक्या याच साखळ्या स्फटिकांना एकमेकांशी बांधून ठेवतात. तुकडा ताठ दिसतो, पण पडला की फुटतो. जाड भिंतीत तर मध्यभाग पृष्ठभागाच्या आधी खराब होतो: कडेचं आम्ल बाहेर झिरपून जातं, आतलं अडकून राहतं. म्हणून ऑटोक्लेव्हनंतर नुसता आकार तपासून माल पास करू नका, एमएफआय किंवा आघात चाचणी करा. शरीरात बसवायचे पीएलएचे स्क्रू आणि टाके इथिलीन ऑक्साइडने किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात ते याच कारणाने, आणि गॅमाही साखळ्या तोडतो म्हणून त्याची मात्रा जपून ठरवतात.

एल आणि डी साखळ्या जोडीने रचून बनणारा स्टिरिओकॉम्प्लेक्स २२० अंशांच्या वर वितळतो आणि वाफेत आकार छान धरतो, पण दुवे एस्टरचेच, शिवाय महाग. आम्ल शोषणारे कार्बोडायइमाइड घातले तर तुटणं लांबतं. वारंवार वाफ सोसायची असेल तर माझं स्पष्ट मत आहे की तिथे पीएलए वापरू नये. काच, स्टील किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरा. रोज वापरून परत वापरायच्या वस्तूला कंपोस्टेबल असण्याची गरजही नसते.

ॲनिलिंगसाठी वाफ वापरावी का, असंही विचारतात. वाफ उष्णता पटकन पोचवते आणि पाणी साखळ्यांना हालचाल सोपी करतं, त्यामुळे स्फटिक लवकर बनतात हे खरं आहे. पण शोषलेलं पाणी मालात राहतं आणि खोक्यात बंद होतं. कोरडी फिरती गरम हवाच वापरा.

कॅरीबॅग आणि इतर

कंपोस्टेबल कॅरीबॅग बहुधा पीबीएटी (एक मऊ कंपोस्टेबल पॉलिएस्टर) आणि स्टार्चची असते. पीबीएटीचं काचसंक्रमण उणे ३० अंशांच्या आसपास, म्हणून ती मऊ. वितळणबिंदू ११०-१२० अंश, म्हणून १२१च्या ऑटोक्लेव्हमध्ये तिचा गोळा होतो. अळिंबीचं स्पॉन (बियाणं) करणाऱ्यांनी वाफवायच्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्याच ठेवाव्यात. स्टार्च हवेप्रमाणे पाणी घेतं आणि सोडतं: पावसाळ्यात पिशवी लुळी पडते, सील सुटतं, कोरड्या हवेत ती चिरते. या पिशव्या वर्षापेक्षा जास्त साठवूच नका, आणि आधी आलेला माल आधी काढा.

पीएचबी या जंतूंकडून मिळणाऱ्या पॉलिएस्टरची गोष्ट उलटी. त्याचं काचसंक्रमण खोलीच्या तापमानाखाली असतं, त्यामुळे ठेवल्या ठेवल्या त्यात नवे स्फटिक वाढत राहतात आणि ते ठिसूळ होतं. कोरड्या ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास ॲनिल केलं की बराचसा चिवटपणा परत येतो. पीएलएचं वेळापत्रक त्याला लावू नका.

कंपोस्टचं प्रमाणपत्र तपासा

औद्योगिक कंपोस्टमध्ये पीएलए जातं ते ५८ अंशांच्या ओल्या ढिगात, म्हणजे काचसंक्रमणाच्या उंबरठ्यावर आणि पाण्यात भिजून. आधी पाणी साखळ्या तोडतं, ते तुकडे पुरेसे लहान झाले की मग जंतू ते खातात. घरच्या कुंडीत किंवा परसातल्या खड्ड्यात ३० अंशांवर हेच काम वर्षानुवर्षं रखडतं. ग्राहकाला "मातीत टाका, विरघळेल" असं सांगणं खोटं आहे आणि ते थांबायला हवं.

वर सांगितलेल्या प्रत्येक उपायाचा इथे परिणाम होतो. स्फटिक केलेलं झाकण स्फटिकहीन झाकणापेक्षा सावकाश तुटतं. आम्ल शोषणारं रसायन घातलं तर आणखी सावकाश. कंपोस्टेबल प्लास्टिकच्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाप्रमाणे १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त अवशेष उरता कामा नयेत आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बन वायूरूपात जायला हवा. ही चाचणी ठरावीक मिश्रण आणि ठरावीक जाडीपर्यंतच लागू असते. वाकणं थांबवायला तुम्ही झाकण ०.५ मिलिमीटरवरून ०.८ केलं, टाल्क बदललं किंवा कार्बोडायइमाइड घातलं, तर जुना अहवाल त्या मालाला लागू होत नाही. नवा साचा उघडण्याआधी अहवालातली कमाल जाडी आणि मिश्रण वाचा, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदवलेला तपशील त्याच्याशी जुळतो का ते बघा.